लाठी-कराटेच्या वर्गात मुलांना पुढे कसं आणायचं: किनाऱ्यावरच्या गावात नव्याने वर्ग सुरू करणाऱ्यांसाठी

गेली अकरा वर्षं मी मालवण तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात मुलांना कराटे आणि लाठी शिकवते आहे. पहिली तीन वर्षं मी फक्त हातपाय शिकवले. मुलं चपळ झाली, जिल्ह्यापर्यंत खेळून आली. पण मी तापाने पडले की वर्ग बंद. तीस मुलं देवळाच्या पायऱ्यांवर अर्धा तास बसायची आणि घरी जायची. आपणच रांग लावावी, मोजणी सुरू करावी, असं कुणाच्या मनातही यायचं नाही. मी त्यांच्यावर कधी कुणाची जबाबदारी टाकलीच नव्हती, तर ते सुचणार तरी कुठून?

वर्ग चालवून मुलांमध्ये नेतृत्व यावं असं वाटणाऱ्या तरुण ताई-दादांचे मला बरेच फोन येतात. आपल्याकडे नेतृत्व म्हटलं की माईक आणि हार डोळ्यांसमोर येतात. त्यापेक्षा होडीवरचा तांडेल आठवा. तांडेल होणारा माणूस आधी कित्येक वर्षं खलाशी असतो, जाळं ओढतो, मासळी निवडतो. वारा फिरला तर परतायचं की थांबायचं हे तो ठरवतो. बाकीचे मुकाट्याने ऐकतात, कारण त्याने त्यांना आजवर सुखरूप घरी आणलेलं असतं. वर्गात मुलांना मला हेच द्यायचं असतं. ते कसं द्यायचं, ते क्रमाने लिहिते.

१. जे स्वतः शिकलात तेच शिकवा

दोन महिन्यांच्या शिबिराचं प्रमाणपत्र घेऊन वर्ग सुरू करू नका. मोबाइलवर बघून लाठीचे हात बसवणारेही मी पाहिलेत. त्यात मुलांची मनगटं दुखावतात. कराटे असो, ज्युदो असो की आपली लाठीकाठी, एका गुरूकडे काही वर्षं घाम गाळलेला असावा आणि आजही वर्षातून एकदा त्यांच्याकडे जाऊन आपल्या चुका काढून घेण्याची तयारी असावी.

कोणता प्रकार निवडावा, यावर फार डोकेफोड नको. नेतृत्वासाठी एकच गोष्ट बघा: शिकवण्याचे तुकडे लहान आहेत का? ओकिनावात आंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे शाळांमध्ये नेलं, तेव्हा मुलांना झेपावेत म्हणून पिनान नावाचे पाच काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, बांधले. पुढे गिचिन फुनाकोशींनी त्यांनाच हेइआन हे नाव दिलं. लांबलचक काताऐवजी असे छोटे टप्पे असले की पहिला टप्पा आलेलं मूल दुसऱ्याला तो दाखवू शकतं. लाठीतही तसंच करा. आधी एका हाताची फिरकी, मग दोन हातांची, मग पावलं. आठ वर्षांच्या मुलाला दहा मिनिटांत दुसऱ्याला समजावता येईल एवढाच तुकडा पाडा.

२. वेळ ठरवण्याआधी पंचांग बघा

नवीन येणारा हमखास म्हणतो, रोज संध्याकाळी पाच वाजता किनाऱ्यावर. पहिला आठवडा छान जातो आणि दुसऱ्या आठवड्यात पाणी वर्गात शिरतं. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आपल्याकडची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरती सांगतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी, म्हणजे संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास ओहोटी आणि पायाखाली घट्ट ओली वाळू. म्हणून पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी किनारा आणि अष्टमीच्या आसपास देऊळ किंवा शाळेचं पटांगण, असं महिन्याचं वेळापत्रक करा.

हा हिशोब तुम्ही करू नका. तो मुलांकडून करून घ्या. सातव्या पायरीत सांगते कसा.

वर्षाचं गणितही असंच आहे. सगळ्यात चांगली सुरुवात दिवाळीनंतर. हवा कोरडी असते आणि शिमग्यापर्यंत सलग चार महिने मिळतात. जत्रांचे दिवस आधीच वगळा. आंगणेवाडीच्या जत्रेला अर्धा वर्ग पाहुण्यांत असतो, शिमग्यात सभामंडप आपला नसतो, मे महिन्यात आंबे-काजू आणि मुंबईहून आलेली भावंडं. पावसाळ्यात छप्पर नसेल तर वर्ग आठवड्यातून दोनच दिवस ठेवा, पण बंद करू नका. मुलं जून-जुलैत तुटली की गणपतीनंतरच उगवतात.

३. परवानग्या आणि कागद

एवढं हाताशी असल्याशिवाय पहिला दिवस ठरवू नका:

- जागेची लेखी परवानगी. शाळा असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीची, देऊळ असेल तर देवस्थान समितीची. गावकीच्या बैठकीत तोंडी सांगणं वेगळं, तेही करा.
- तुमचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. कुणी मागितलं नाही तरी स्वतःहून दाखवा.
- प्रत्येक मुलाचं पालकांच्या सहीचं संमतीपत्र. त्यात दमा, फिट, हृदयाचा त्रास, जुनी मोडतोड आणि चालू औषधं यांचा स्पष्ट रकाना.
- दोन फोन नंबर, त्यातला एक गावातच असणाऱ्या माणसाचा. वडील मुंबईला कामाला असतील तर त्यांचा नंबर आणीबाणीत उपयोगाचा नाही.
- जन्मदाखल्याची प्रत. पुढे स्पर्धेत वयोगटासाठी लागतेच.
- हजेरीवही आणि दुखापतीची वही. खरचटलं तरी तारीख टाकून लिहायचं.

आणखी एक गोष्ट कागदावर आणि भिंतीवरही लावा: मोठं माणूस कुणाही मुलासोबत एकटं थांबणार नाही, आणि पवित्रा सुधारण्यासाठी हात लावायचा असेल तर आधी विचारायचं. वर्गावर दोन मोठी माणसं हवीत, त्यातली एक बाई. पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर मुलांना पाठ करून घ्या. ज्या मुलाला ‘मला नाही आवडत’ असं आपल्या शिक्षकाला सांगता येतं, तेच उद्या दुसऱ्यासाठी उभं राहू शकतं.

४. लाठ्या, मॅट आणि पेटी

लाठीसाठी आपल्या सिंधुदुर्गातल्या माणग्यासारखा दुसरा बांबू नाही. जवळजवळ भरीव, सरळ आणि फांद्या कमी. पाऊस सरल्यावर तोडलेला, सावलीत सुकवलेला घ्या. उंची मुलाच्या कानापर्यंत, जाडी त्याच्या मुठीत अंगठा बोटांना टेकेल एवढी. पेरं घासून गुळगुळीत करा आणि खोबरेल चोळा. होडीच्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावतात म्हणून एका उत्साही पालकाने आमच्या सहा लाठ्यांना ते लावून आणलं होतं. त्या तेलाने कातडी भाजते. दोन मुलांच्या तळहातांना फोड आले. दिलेली लाठी वास घेऊन, फडक्याने पुसून, आपण आधी हातात धरून मगच मुलांना द्या.

मॅट घेणार असाल तर एकमेकांत अडकणाऱ्या, निदान अडीच सेंटिमीटर जाडीच्या घ्या. पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते, म्हणून भिंतीला टेकवून उभ्या ठेवा आणि अंथरताना आधी खालून बघा. विंचू आणि साप दोन्ही निघाले आहेत. मॅट नसतील तर पडण्याचा सराव ओहोटीच्या वाळूत करा. आधी सगळ्यांनी ओळीने चालून शिंपले आणि काचा वेचायच्या.

प्रथमोपचाराच्या पेटीत क्रेप बँडेज, कापूस, जंतुनाशक, ओआरएसची पाकिटं. आपल्या दमट हवेत मुलं पाण्याविना लवकर गळतात. दर वीस मिनिटांनी पाणी. बर्फ मासळीवाल्यांकडे कधीही मिळतो, फक्त तो फडक्यात गुंडाळून लावायचा.

५. पहिले तीन महिने कुणालाही प्रमुख करू नका

इथे मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. मुलांवर जबाबदारी टाकायची ठरवल्यावर पहिल्याच महिन्यात मी एका नववीतल्या मुलाला शिट्टी दिली. अंगाने सगळ्यात दणकट, आवाज खणखणीत, लाथ डोक्याएवढी. रांगा एकदम सरळ झाल्या आणि मी खूश. मग दिसायला लागलं की तो चुकलेल्याला उठाबशा काढायला लावतो आणि त्याच्या वाडीतली मुलं मात्र कधीच चुकत नाहीत. एक लहान मुलगा यायचाच बंद झाला. त्याच्या आईने मला बाजारात गाठून सांगितलं, “ताई, तो तुमका घाबरत नाय, त्या झिलाक घाबरता.”

शिट्टी परत घेतली तेव्हा तो मुलगा दुखावला, आणि त्याचं दुखावणं बरोबरच होतं. मी त्याला अधिकार दिला होता, तो कसा वापरायचा ते शिकवलंच नव्हतं.

म्हणून पहिले तीन महिने सगळे सारखे. नमस्कार, पडायचं कसं, उभं राहायचं कसं, मोजणी. या काळात तुम्ही फक्त बघा आणि वहीत टिपा. कोण पाण्याची बाटली दुसऱ्याला आधी देतो? कोण न सांगता चपला रांगेत लावतो? कोण हरल्यावर समोरच्याकडे बघून हसू शकतो? माझ्या अनुभवात चांगली लाथ मारणारा आणि या यादीतला मुलगा क्वचितच एक असतो.

६. मोठ्याला एक लहान द्या

सगळा वर्ग सांभाळायला देण्याआधी एक माणूस सांभाळायला द्या. आमच्याकडे सहावीच्या पुढच्या प्रत्येक मुलाला एक लहान जोडीदार मिळतो, तीन महिन्यांसाठी. त्या लहानग्याची एक गोष्ट बसवायची. एकच. पहिला काता किंवा लाठीची फिरकी. तीन महिन्यांनी परीक्षेला लहानगा उभा राहतो आणि त्याला जे गुण मिळतात, ते मोठ्याच्याही नावावर लागतात.

जोड्या लावताना तीन गोष्टी सांभाळा. भावंडं एकत्र नकोत. एकाच वाडीतली नकोत. खालच्या वाडीतली मोठी आणि वरच्या वाडीतला लहान, असं मुद्दाम करा. गावात जे अंतर तोंडाने कुणी बोलत नाही ते मुलांनाही ठाऊक असतं, आणि एका बाटलीतलं पाणी पिऊन ते कमी होतं. तिसरं, सगळ्यात तापट मोठ्याला सगळ्यात भित्रा लहान देऊ नका. तो प्रयोग सहा महिन्यांनंतर.

एक जोडी मला अजून दिसते. सातवीतली एक मुलगी, वर्गात चार शब्द बोलायची नाही. तिच्या वाट्याला आलेला दुसरीतला मुलगा सतत डावा पाय आधी टाकायचा. तिने आठ दिवस सांगून बघितलं. नवव्या दिवशी ती घरून पांढऱ्या रांगोळीची पुडी घेऊन आली, सभामंडपाच्या फरशीवर त्याची पावलं काढली, उजवं-डावं, वळणासकट, आणि स्वतः त्यांवरून चालून दाखवलं. मग म्हणाली, “आता तू. मी मागसून येतंय.” तो पुढे आणि ती त्याच्या मागे, दोघंही मोजत. दुसऱ्या दिवशी आणखी तीन जोड्यांनी रांगोळी आणली. तिला पुढे हो असं मी एकदाही सांगितलं नव्हतं.

मोठ्यांना शिकवताना वापरायचा एक क्रम मात्र आधी द्यावा लागतो: आधी करून दाखव, मग सोबत कर, मग त्याला एकट्याला करू दे, आणि चूक एका वेळी एकच सांग. ‘असं नाही रे, किती वेळा सांगू’ हे वाक्य आमच्या वर्गात चालत नाही. मीही वापरत नाही.

७. कामांच्या पाळ्या लावा, आणि एका कामाला खरा अधिकार द्या

दर सोमवारी पाळी बदलते: हजेरी, मोजणी, मॅट आणि झाडू, प्रथमोपचाराची पेटी, भरतीचा हिशोब. भरतीवाल्याने तिथी बघून पाऊणपट करायची आणि उद्याचा वर्ग कुठे ते फळ्यावर लिहायचं. चुकलं तर सगळ्यांना उलट चालत यावं लागतं. दोनदा चुकल्यावर मुलं मोठ्यांना विचारायला लागतात, बंदरावर जाऊन बघायला लागतात.

झाडूकडे डोळ्यांत तेल घालून बघा. पाळी कागदावर कुणाचीही असो, चौथ्या आठवड्यात झाडू मुलींच्या हातात आणि मोजणी मुलांच्या तोंडी आलेली असते. ही आपली घरची सवय आहे, ती आपोआप जात नाही. मी पाळीचा तक्ता मोठ्या अक्षरांत लावते आणि अदलाबदल चालू देत नाही.

आता खऱ्या अधिकाराचं. आमच्याकडे दर आठवड्याला एकजण ‘यामे’वाला असतो. यामे म्हणजे थांबा. कुणाला लागलं, पाणी वर आलं, गडगडलं, कुणी रडतंय, तर त्याने किंवा तिने ओरडायचं आणि त्या क्षणी सगळ्यांनी थांबायचं. मीसुद्धा. वादळी दिवसांत किनाऱ्यावर गडगडाट ऐकू आला की सामान टाकून पक्क्या छपराखाली जायचं, माडाखाली किंवा सुरूच्या झाडाखाली नाही, हे ‘यामे’वाल्याला आधी शिकवलेलं असतं.

एका ऑक्टोबरमध्ये प्रात्यक्षिक दोन दिवसांवर आलं होतं आणि शेवटचा हात बसत नव्हता. लांब समुद्रावर एकदा गडगडलं आणि सहावीतल्या मुलीने यामे दिला. मोठी मुलं वैतागली. माझ्याही तोंडावर आलं होतं, “पाच मिनिटं थांब गो.” ते गिळलं, लाठ्या खाली ठेवल्या आणि सगळे शाळेच्या पडवीत जाऊन बसलो. पाऊस आलाच नाही. ढग देवगडच्या बाजूला निघून गेले. तिचा चेहरा पडला. मी सगळ्यांसमोर तिला सांगितलं की उद्याही असंच करायचं. तेव्हा मी “पाच मिनिटं” म्हटलं असतं, तर त्या वर्गात पुढे कुणीही मला थांबवलं नसतं.

८. आपण गप्प बसायला शिका

वर्गातली शेवटची दहा मिनिटं मुलांची. मी पायरीवर बसते आणि बोलत नाही. रांग वाकडी जाते, मोजणी चुकते, दोघं हसत सुटतात. जीभ चावून बसावं लागतं. ही पायरी मला सगळ्यात अवघड गेली.

मदत झाली ती रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची. रापण ओढताना दोन्ही दोरांवर माणसं असतात, आणि एका बाजूने जास्त जोर केला तर जाळं तिरकं होऊन मासळी निसटते. कुणी लाऊडस्पीकरवर सांगत नाही. एकजण हाक देतो, बाकीचे ओ देतात, दोन्ही रांगा पावलं टाकत एकमेकींच्या जवळ येतात. मी मुलांना दोनदा रापण बघायला नेलं, एकदा ओढूही दिली. त्यानंतर मोजणी देणारं मूल मागच्या ओळीकडेही बघायला लागलं.

चूक सांगायची असेल तर वर्ग सुटल्यावर, एकट्याला, पण बाकीच्यांच्या नजरेसमोर थोडं बाजूला. आणि आधी त्यालाच विचारा, आज काय बिघडलं? बहुतेक वेळा त्याला तुमच्यापेक्षा जास्त दिसलेलं असतं.

९. बाहेर मारामारी झाली तर

होणार. नियम पहिल्याच दिवशी सांगा: पळता येत असेल तर पळायचं, ओरडायचं, मोठ्या माणसाला सांगायचं, सुटकेपुरता हात चालवायचा, धडा शिकवायला नाही. शाळेतून तक्रार आली तर लगेच काढून टाकू नका आणि पाठीशीही घालू नका. दोघांचं ऐका, मुलाला घेऊन समोरच्याच्या घरी जा, आणि महिनाभर त्याला लाठीऐवजी हजेरी द्या. काढून टाकलेलं मूल शिकलेली लाथ घेऊनच जातं.

१०. पालक, पट्टे आणि स्पर्धा

“चेडवाक ह्या कित्याक होया?”, मुलीला हे कशाला हवं, हा प्रश्न येतोच. वाद घालू नका. आईला एक दिवस वर्गाला बोलवा आणि तिच्या मुलीला मोजणी देताना बघू द्या. शाळेत समग्र शिक्षाचं मुलींसाठीचं राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण होत असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून त्याला जोडून घ्या. घरच्यांचा विश्वास बसायला मदत होते. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते आणि १ ऑगस्टपासून कोळीवाड्यातली मोठी मुलं घरच्या कामात अडकतात. त्यांची गैरहजेरी शिक्षेत धरू नका.

पट्ट्यांच्या बाबतीत सावध राहा. दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला भरमसाट फी, आणि पाचवीतल्या मुलाला काळा पट्टा देणाऱ्या संघटना बऱ्याच आहेत. कुठल्याही संघटनेला जोडून घेण्याआधी ओरोसला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा की शालेय स्पर्धा कोणत्या मार्गाने होतात, १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांसाठी कोणते कागद लागतात आणि कोणतं प्रमाणपत्र ग्राह्य धरतात. बारावीपर्यंत पोचलेल्या मुलाला हातातला कागद निरुपयोगी आहे हे कळताना मी पाहिलं आहे.

शिवजयंतीला प्रात्यक्षिकाची मागणी येते. लाठी, काता, पडण्याचं कौशल्य जरूर दाखवा. कौलं फोडणं, पोटावरून मोटरसायकल नेणं, आग, लोखंडी पाती यांना साफ नकार द्या, समोर कितीही मोठा माणूस असू दे. प्रात्यक्षिकाचं सूत्रसंचालन, रांगा, सामानाची ने-आण मुलांकडे. तुम्ही प्रेक्षकांत बसा.

११. किल्ली

दहावी झाली की मुलं मालवणला, कुडाळला, नाहीतर थेट मुंबईला जातात. दर जूनमध्ये आपले सगळ्यात तयार गडी निघून जातात आणि नव्या माणसाचा धीर सुटतो. म्हणून नववीतच त्यांच्याकडून आठवीतल्या दोघांना तयार करून घ्या: एक मुलगा, एक मुलगी, दोन वेगळ्या वाड्यांतले. निघताना सामानाच्या पेटीची किल्ली वर्गासमोर हातात द्यायची, पेटीतल्या वस्तू मोजून, वहीत सही घेऊन.

गेल्या श्रावणात मी चार दिवस रत्नागिरीला इस्पितळात होते. परतल्यावर हजेरीवही उघडली. चारही दिवसांची हजेरी लागलेली होती, तिसऱ्या दिवसापुढे नोंद होती: ‘पाणी वर, वर्ग शाळेच्या पडवीत. एकाचा गुडघा खरचटला, धुतला, आईला सांगितलं.’ अक्षर आठवीतल्या मुलीचं होतं, आणि खाली दोघांच्या सह्या.